बापाची मिळकत आणि लेकराचा वाटा

मृगाचा पाऊस पडला की आमच्या ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यास दोन पेरण्या कराव्या लागतात. एक भाताची, ती शेतात. दुसरी अर्जांची, ती कचेरीत. पहिलीचे ज्ञान त्यास बापजाद्यांपासून आहे. दुसरीत तो अजून चाचपडत आहे. कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडी, कोठल्याही तहसील कचेरीत शाळा उघडण्याच्या सुमारास जाऊन पाहावे. सेतूच्या खिडकीपुढे वीटभट्टीवरची मजूरीण उभी असते, यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला साळी असतो, डोंबिवलीच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा असतो, आणि पाच गुंठ्यांचा मालक असलेला कुणबीही असतो. सर्वांस हवा असतो एकच कागद, उत्पन्नाचा दाखला. लेकरू किती हुशार आहे किंवा किती अर्धपोटी आहे, हे तो कागद सांगत नाही. त्याचा बाप सालाला किती मिळवतो, एवढेच तो सांगतो. आणि त्या एका आकड्यावरून सरकारी मदतीचे दार त्या लेकरास उघडते किंवा बंद होते. या आकड्याविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथमच सांगून टाकतो की, मिळकतीची मर्यादा मुळीच नको असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. सार्वजनिक पैसा हा रयतेच्या घामाचा पैसा आहे. काडेपेटी विकत घेणारी म्हातारीसुद्धा त्यात कराची भर घालते. तो पैसा ज्यास गरज आहे त्याजकडेच गेला पाहिजे. आमच्यातच असे काही शहाणे आहेत की ज्यांच्या दाराशी दोन मोटारी उभ्या असतात, आणि दाखल्यावर मात्र सालीना साठ हजार मिळकत असते. असा खोटा दाखला काढणारा इसम सरकारास फसवतो एवढेच नव्हे, तर शेजारच्या गरिबाच्या पोराच्या ताटातील भाकर उचलतो. तो आपल्या जातीचा आहे म्हणून त्याजवर पांघरूण घालणे हे पाप आहे. तेव्हा मोजमाप जरूर व्हावे. पण मोजणाऱ्याचे माप खरे असावे, एवढेच आमचे मागणे आहे. आणि ते माप आज खरे नाही.

कसे नाही ते पाहा. लेकराच्या वयाप्रमाणे एकेक दार घेऊ.

पहिले दार धान्याचे. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्या वेळी स्वस्त धान्याच्या प्राधान्य कुटुंबासाठी आमच्या राज्याने शहरात सालीना ५९,००० रुपये आणि खेड्यात ४४,००० रुपये मर्यादा घातली. म्हणजे शहरात महिन्यास पाच हजारही नाहीत. दुसरे दार निराधार लेकरांचे. केंद्र सरकारच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत बाप वारलेल्या, टाकून दिलेल्या किंवा हाल सोसणाऱ्या मुलांस घरीच राहून वाढता यावे म्हणून दरमहा ४,००० रुपये देण्याची सोय आहे. पण घरची मिळकत खेड्यात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० च्या आत हवी. तिसरे दार शाळेचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत शेकडा पंचवीस जागा वंचित व दुर्बल घरच्या मुलांसाठी राखल्या. मागासलेल्या जातीजमातींच्या मुलांस तेथे जातीचा दाखला पुरतो. ज्यांस तो नाही, त्या दुर्बल घरांसाठी राज्याने एक लाखाची मर्यादा घातली.

आता वरच्या वर्गांकडे चला. आठवीत जी केंद्राची आर्थिक दुर्बल व गुणवान विद्यार्थ्यांची परीक्षा होते, आणि जिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यास नववीपासून बारावीपर्यंत सालीना १२,००० रुपये मिळतात, तिची मर्यादा साडेतीन लाख. अनुसूचित जातींच्या मुलांस मॅट्रिकच्या पुढे जी केंद्राची शिष्यवृत्ती मिळते, तिची मर्यादा अडीच लाख. आणि जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने इतर मागासवर्गीय व आर्थिक दुर्बल घरांतील मुलींची व्यावसायिक महाविद्यालयांतील संपूर्ण शिक्षण फी माफ केली, तिची मर्यादा आठ लाख.

वाचकांनी हे आकडे पुन्हा एकदा नजरेखालून घालावे. लेकरू दोन वर्षांचे असते, भाकरीसाठी रडत असते, तेव्हा बाप ५९,००० च्या आत पाहिजे. ते सहा वर्षांचे होऊन शाळेच्या दाराशी येते, तेव्हा एक लाखाच्या आत. आणि अठरा वर्षांचे होऊन इंजिनियरिंगला जाते, तेव्हा आठ लाख चालतात! एकच बाप, तीच मजुरी; पण पाळण्यातल्या पोराचा बाप म्हणून तो सावकार ठरतो, आणि कॉलेजातल्या पोरीचा बाप म्हणून गरीब. रोपास पाणी नाही, आणि झाड वाढल्यावर मोट सोडावयाची, असा हा कारभार आहे. कोणता शेतकरी असे शेत करील?

मुलींना मिळालेली फीमाफी चांगली आहे. ती काढून घ्यावी असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. पण कॉलेजच्या दारापर्यंत आमच्या किती मुली पोचतात? ज्या वीटभट्टीवर आईबरोबर हिंडल्या, ज्यांनी दुसरीतच शाळा सोडून धाकट्या भावंडास सांभाळले, त्यांस आठ लाखांच्या मर्यादेचा काय उपयोग? २०२३ ची 'लेक लाडकी' योजना घ्या. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरी मुलगी जन्मली तर तीस एकूण १,०१,००० रुपये मिळावयाचे आहेत. त्यांतील जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि वयाच्या अठराव्या वर्षी ७५,०००. चार भागांतील तीन भाग मुलगी वयात आल्यावर! वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

एक लाख ही रक्कम कोणास मोठी वाटत असेल तर सरकारच्याच दराने हिशेब करून पाहावा. २०२५-२६ सालासाठी रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील दर दिवसास ३१२ रुपये ठरला होता. माती उकरणाऱ्या माणसास याहून कमी देऊ नये असे सरकारचेच म्हणणे होते. या दराने नवराबायकोंस वर्षात प्रत्येकी दोनशे दिवस काम लागले तर १,२४,८०० रुपये होतात. म्हणजे दोघे मिळून माती उकरतात, वर्षातले निम्म्याहून थोडे अधिक दिवस, आणि तेवढ्यानेच ते 'दुर्बल' या पदवीतून बाद होतात. आमचा प्रश्न साधा आहे. माती उकरणारे जर दुर्बल नव्हेत, तर दुर्बल कोण?

हे दुखणे आजचे नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी हीच तक्रार मांडली होती. सरकारचा वसूल रयतेच्या कष्टातून येतो, पण तो वरच्या शिक्षणावर खर्ची पडतो आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या वाट्यास काही येत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. आणि निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. तेव्हापासून आतापर्यंत किती पाणी उल्हास नदीतून वाहून गेले! कायदे झाले, शाळा निघाल्या, ही गोष्ट खोटी नाही. पण पैशाची थैली वर सैल आणि खाली आवळलेली, ही जुनी खोड पुरती गेलेली नाही.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा शाळेत येणाऱ्या पोरास 'तुझा बाप काय मिळवतो' असे विचारण्याची अट घातली नाही. पोर आहे एवढे पुरे होते. आमच्या मते हाच खरा न्याय आहे. लहान लेकराने काही मिळवलेले नसते आणि काही गमावलेलेही नसते. बापाच्या मिळकतीची शिक्षा त्यास का?

आजही असे एक काम आमच्या डोळ्यांदेखत चालू आहे. १९९५ साली शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना निघाली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांस शिजवलेले अन्नच द्या असा हुकूम केला. जिल्हा परिषदेच्या शाळेत ही खिचडी वाढताना कोणी दाखला मागत नाही. आगऱ्याचे पोर, कातकऱ्याचे पोर, मास्तरांचे पोर, सर्व एका पंगतीस बसतात. त्याने सरकारचे दिवाळे वाजले नाही. उलट पोरे शाळेस येऊ लागली. मग जेवणास जे साधते ते दुधास, औषधास आणि पुस्तकास का साधू नये?

विलायतेनेही हा धडा ठेच लागूनच घेतला. १९३१ साली तिकडे बेकारी वाढली, तेव्हा मदत देण्यापूर्वी सबंध घराची मिळकत मोजण्याचा नियम निघाला. घरातल्या पोरीने चार शिलिंग मिळवले की बापाची मदत तेवढी कापली जाई. त्यामुळे कमावती पोरे घर सोडून जाऊ लागली. लोकांनी या नियमाचा इतका धिक्कार केला की १९४१ साली तो मोडावा लागला. पुढे १९४५ साली पार्लमेंटाने कायदा करून पहिल्या मुलानंतरच्या प्रत्येक मुलामागे आठवड्यास पाच शिलिंग देण्याचे ठरवले, आणि ते बापाची मिळकत न विचारता. लढाईने खंक झालेल्या देशास हे जमले.

आता माप कसे धरतात ते पाहू. येथे तर आमच्या कारागीर बंधूंवर विशेष अन्याय आहे. इतर मागासवर्गाच्या राखीव जागांसाठी प्रगत घरे वगळावी असा निवाडा १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि १९९३ साली केंद्राने त्याचे नियम केले. त्यांत पगाराची आणि शेतीची मिळकत त्या ठरीव रकमेत धरावयाची नाही असे आहे. शेतीची परीक्षा जमिनीच्या क्षेत्रावरून वेगळी होते, नोकरीची परीक्षा हुद्द्यावरून वेगळी. शेतकऱ्यास हे ठीक झाले. पण परिणाम असा की, नवराबायको दोघेही तिसऱ्या वर्गाचे सरकारी नोकर असले तर त्यांचा पगार कितीही होवो, तो मोजला जात नाही. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी यांनी स्वतःच्या हिमतीवर दुकान काढून चार पैसे मिळवले तर ते मात्र पुरते मोजले जातात. नोकराचा पैसा झाकलेला, आणि हातोड्याचा पैसा उघडा!

उलट आर्थिक दुर्बलांसाठी २०१९ साली ज्या दहा टक्के जागा निघाल्या, त्यांतही मर्यादा आठ लाखांचीच. पण तेथे पगार, शेती, धंदा सर्व मोजतात. शिवाय केंद्राच्या नोकऱ्यांत व शिक्षणसंस्थांत पाच एकर किंवा अधिक शेतजमीन असली की मिळकत कितीही कमी असो, घर बाद. पाच एकर म्हणजे काय, हे दिल्लीच्या कारकुनास काय ठाऊक? कोल्हापूरकडे पाटाच्या पाण्यावर ऊस डोलतो ते पाच एकर वेगळे, आणि मुरबाडच्या डोंगरउतारावर वरकसात नागली-वरई होते ते पाच एकर वेगळे. शहापूरची धरणे मुंबईची तहान भागवतात, आणि तेथल्याच शेतकऱ्याच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. त्याची जमीन कागदावर पाच एकर दिसते. तीतून पीक किती निघते हे कागद विचारीत नाही.

खाणारी तोंडे मोजण्याचीही चाल नाही. आईबाप व एक पोर अशा घराची दोन लाख मिळकत, आणि म्हातारे आईबाप, विधवा बहीण व चार पोरे अशा घराची दोन लाख मिळकत, दाखल्यावर सारखीच. आणखी एक चमत्कार असा की मर्यादेवर एक रुपया चढला की सर्व मदत एकदम बुडते. ९९,९९९ वाल्याचे पोर खाजगी शाळेत मोफत शिकते, आणि ज्याने आषाढात चार दिवस जास्त मजुरी केली त्याचे पोर बाहेर राहते. अशाने माणसास अधिक मेहनत करण्याची भीती वाटते, किंवा खोटे लिहून देण्याची सवय लागते. दोन्ही वाईट.

शिवाय रुपया हा काही एके जागी उभा राहणारा प्राणी नव्हे. १९५९ साली मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने गरीब घरच्या मुलांस फीमाफी दिली तेव्हाही मिळकतीची काही रुपयांची मर्यादा ठरली होती. त्या काळी ती बरी मर्यादा होती. आज त्या पैशात एका पोराची वह्या-पुस्तकेही येत नाहीत. १९९३ च्या केंद्राच्या नियमांतच असे लिहिले होते की, रुपयाचे मोल बदलते म्हणून दर तीन वर्षांनी मर्यादा बदलावी. त्या वेळी ती एक लाख होती. पुढची वाढ झाली ती २००४ साली, म्हणजे अकरा वर्षांनी, अडीच लाख. मग २००८ साली साडेचार, २०१३ साली सहा, २०१७ साली आठ. पुढची तीन वर्षे २०२० साली भरली. ती तशीच गेली. सरकारी नोकराचा महागाई भत्ता सहा महिन्यांनी हलतो, आणि गरिबाची मर्यादा मात्र वर्षानुवर्षे दगडासारखी बसून राहते. याचा अर्थ असा की कोणताही हुकूम न काढता, नुसते स्वस्थ बसूनच, दर साली काही पोरांस मदतीतून काढून टाकता येते.

आणि ज्या घरी बापच नाही? आमच्या भागात अशा किती तरी बाया आहेत की ज्यांचा नवरा दारूच्या किंवा दुसऱ्या बायकोच्या नादाने घर सोडून गेला. तो मेला असता तर निदान मृत्यूचा दाखला तरी मिळाला असता! ती चार घरची धुणीभांडी करून पोरे वाढवते, आणि कचेरीत तीस विचारतात, पोराच्या बापाचे उत्पन्न लिहा. जो बाप एक दमडी देत नाही त्याचा पगार लेकराच्या नावावर मांडावयाचा, हा कोणत्या शास्त्रातला हिशेब?

तेव्हा आमचे मागणे असे आहे. चौदा वर्षांच्या आतील लेकराचे अन्न, औषध, पुस्तक आणि जवळची चांगली शाळा यांसाठी बापाची मिळकत विचारूच नये. खाजगी शाळेच्या पंचवीस जागांचे दार फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून लोटू पाहिले होते; मुंबई उच्च न्यायालयाने त्याच सालच्या जुलैत तो बदल रद्द केला. ते दार तर उघडे राहावेच. पण जिल्हा परिषदेची व नगरपालिकेची शाळाच अशी व्हावी की कोणास ती सोडून जाण्याची गरज वाटू नये. चौदाच्या पुढे मिळकत अवश्य मोजावी. मात्र सर्व खात्यांचे माप एक असावे. खाणाऱ्या तोंडांनी भागून मोजावे. दर साली महागाईप्रमाणे आपोआप वाढावे. मर्यादा ओलांडली की मदत पायरीपायरीने कमी व्हावी, एकदम तोडू नये. आणि लेकरू ज्याच्या भाकरीवर वाढते त्याचीच मिळकत धरावी. एका खात्याने तपासलेला दाखला दुसऱ्या खात्याने स्वतः मागवून घ्यावा. त्यासाठी मजुरास दोन दिवसांची रोजी बुडवावयास लावू नये. मजुरी बुडाली, गाडीभाडे गेले, खिडकीबाहेरच्या दलालाने आपला हात ओला केला, म्हणजे नाकापेक्षा मोती जड होतो.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या वाचकांनी स्वस्थ बसू नये. दाखला जूनवर टाकू नका. एप्रिलमध्ये नवे साल लागले की अर्ज करा, आणि अर्जाची पोच घेतल्यावाचून खिडकी सोडू नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणे हा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. मुदत टळली तर त्याच खात्यात वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. 'नॉन-क्रिमीलेअर' च्या दाखल्यासाठी आईबापांची स्थिती पाहतात, भावाचा किंवा चुलत्याचा पगार त्यात नाही, हे ध्यानात ठेवा. आठवीत पोर असेल तर शिष्यवृत्तीच्या परीक्षेची चौकशी शाळेत आजच करा. आणि खोटे लिहून देऊ नका; एकाच्या खोट्याने दहा खऱ्यांवर संशय येतो.

ठाण्यात १८४८ साली जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली, ती काही एकट्याच्या अर्जाने नव्हे. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी पाठवला, आणि १८९० सालच्या जून महिन्यात ती सुटी पदरात पडली. सहा वर्षे लागली. आमच्या गावोगावच्या ग्रामसभांस आणि कल्याण-डोंबिवलीतील चाळीचाळींच्या मंडळांस आमची विनंती आहे की येत्या सभेत हाच एक ठराव घ्यावा, की चौदा वर्षांच्या आतील लेकरास बापाची मिळकत विचारू नये. त्याखाली सर्व जातींच्या बायापुरुषांच्या सह्या घेऊन तो आपल्या आमदाराच्या हाती द्यावा. मते मागावयास तो दारी येईल, तेव्हा त्या ठरावाचे काय झाले, हे त्यास आधी विचारावे.